बाकड्याची उंची

श्रमाला प्रतिष्ठा असते, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं. शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, पंधरा ऑगस्टच्या भाषणात असतं, मिलच्या ऑफिसातल्या कॅलेंडरावर छापलेलं असतं. माझा सवाल सरळ आहे. प्रतिष्ठा जर नुसत्या श्रमालाच असती, तर या देशात आपल्या आज्या-पणज्यांएवढे प्रतिष्ठित लोक दुसरे कोण असते? त्यांनी मेलेली ढोरं ओढली. सरपण फोडलं. सांगावा घेऊन रात्री-अपरात्री कोसकोस तुडवले. वाड्याच्या तुळया खांद्यावर वाहिल्या. श्रमात काही कसूर केली नाही. मग ती प्रतिष्ठा गेली कुठं? वाटेत कुणी खाल्ली?

म्हणजे हे वाक्य खोटं तरी आहे, नाहीतर अर्धं आहे. अर्धं असेल तर उरलेलं अर्धं कोणतं, हे मला शोधायचं आहे. त्यासाठी मी मोठा ग्रंथ समोर घेतलेला नाही. सध्या मी घरामागच्या पत्र्याच्या सप्परात सुतारकामाचं एक बाकडं बनवतोय. त्या बाकड्यावरूनच विचार करतो. आपल्यासारख्यांना विचार करायला हाताशी जे असेल ते चालतं.

मी हिंगोलीकडच्या एका जिनिंगमध्ये कामाला आहे. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की आमचा हंगाम. कपाशीतून सरकी वेगळी, रुई वेगळी, रुईची १७० किलोची गाठ. मशीन चालू तोवर आपण चालू. उन्हाळ्यात मशीन बंद पडतं आणि आपण मिळेल त्या कामाला जातो. त्या मोकळ्या दिवसांत मला सुतारकाम शिकायची हौस लागली. शिकवायला कुणी नाही. पुस्तकातली चित्रं, मोबाईलवरचे फोटो, आणि बाकी आपलं डोकं. घरात पुस्तकं ठेवायला फळी नाही, बहिणीच्या पोरांना अभ्यासाला टेबल नाही. ते सगळं करायचं तर आधी बाकडं पाहिजे.

आमच्या मंडळातल्या दोस्तांना हे कळलं, तेव्हा पहिला हल्ला त्यांनीच केला. "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं आणि तू रंधा घेऊन बसलास? पुढं चरखा पण आणशील." आई वेगळंच म्हणाली, "बाकडं म्हणतूस आन् कुणाला बसू बी देत न्हाईस. कशापायी ह्यो उद्योग?"

आईच्या सवालाला उत्तर सोपं आहे. हे बाकडं बसायचं नाही. ते लाकूड धरायचं आहे. दोस्तांच्या सवालाला मात्र सोपं उत्तर नाही, आणि तो थट्टेवारी न्यायचा सवालही नाही. त्याच्यासाठीच हा लेख.

आधी बाकडं म्हणजे काय ते सांगतो. रंधा मारताना लाकूड हललं की काम बिघडतं. एका हातानं लाकूड धरायचं आणि दुसऱ्यानं हत्यार, असं केलं की निम्मी ताकद धरण्यातच जाते. म्हणून लाकूड धरणारं तिसरं कुणीतरी पाहिजे. ते बाकडं. ते जड पाहिजे, कारण हलकं बाकडं रंध्याच्या जोरासरशी भिंतीपर्यंत चालत जातं. माझं बाकडं सहा फूट लांब, वीस इंच रुंद, आणि वरची फळी चार इंच जाड. लाकूड बाभळीचं. सागाच्या एका घनफुटाचं वजन साधारण अठरा-एकोणीस किलो भरतं, बाभळीचं बावीस-तेवीस. नुसती वरची फळीच पाऊणशे किलोची झाली. पाय आणि आडव्या पट्ट्या धरून शंभराच्या पुढं.

बाभूळ आपल्याकडं बांधाबांधावर आहे. कुळव, वखर, गाडीचं चाक, सगळं बाभळीचंच असायचं. आता ट्रॅक्टर आले, आणि बाभूळ सरपणाच्या भावात जायला लागली. ती वाकडी वाढते, लांब सरळ ओंडका क्वचित मिळतो. म्हणून एकसंध फळीचा हट्ट सोडून मी आरा मिलवरून चार-चार इंची फाळके कापून आणले आणि एकाला एक जोडले. ओली बाभूळ तशीच वापरली तर तडकते. सालीखालच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो आणि पिठासारखा भुसा पडत राहतो. जुनी माणसं ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायची, मग सावलीत वाळवायची. जाडीला इंचामागं एक वर्ष, असा वाळवायचा ठोकताळा आहे. टोकांना मेण नाहीतर डांबर लावायचं, कारण लाकूड टोकाकडून घाईनं वाळतं आणि तिथंच फाटतं. माझे फाळके दोन उन्हाळे सावलीत पडून होते. गाभा तांबूस, गच्च. खिळा मारायला जा, खिळा वाकतो.

आता दोस्तांचा सवाल. आपण हाताच्या धंद्यातून बाहेर पडण्यासाठी एवढा लढा दिला. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते काय आपण पुन्हा गावकामाकडं वळावं म्हणून? खरं आहे. पण बाबासाहेब हाताच्या कामाच्या विरुद्ध होते काय? १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'च्या भाषणात त्यांनी केलेला मुद्दा आपण सगळे सभेत सांगतो. जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांची वाटणी आहे, वर-खाली लावलेली. काम माणसाच्या आवडीवर, कुवतीवर ठरत नाही. जन्माआधीच ठरलेलं असतं. त्यांचा राग कामावर नव्हता. माणूस कामाला खिळ्यानं ठोकलेला होता, त्या खिळ्यावर होता.

याचा पुरावा गिरणीतलाच आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या माणसांना मागाच्या खात्यात, म्हणजे विणकामावर, घेत नसत. कारण काय? धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. एकाच धोट्याला सगळ्यांचं तोंड लागणार, आणि स्पृश्य कामगाराला ते चालत नव्हतं. पगार जास्त त्या खात्यात. आपल्याला ठेवलं कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. बघा म्हणजे, मशीन विलायती, मालक नफ्याचा भुकेला, झेंडा तांबडा, तरी धोटा मात्र जातीचा. तेव्हा त्यांनी आपल्या माणसांना 'हाताचं काम सोडा' असं सांगितलं नाही. हे हत्यार आमच्याही हातात आलं पाहिजे, अशी मागणी केली.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्याला नको असलेलं काम टाकून देणं हा हक्काचा अर्धा भाग. आणि आपल्याला कधीच हात लावू न दिलेलं काम हातात घेणं हा दुसरा अर्धा. पहिल्या भागावर आपण पुष्कळ लिहिलं, पुष्कळ गायलो. दुसऱ्या भागावर कमी बोललो.

हा सवाल इतिहासात जमा झालेला नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी शाळेची नवी योजना काढली. पोरांनी अर्धा वेळ शाळा शिकायची आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा. पेरियारांनी ओळखलं की हे कुलधंद्याचंच शिक्षण आहे. रान उठलं. १९५४ ला राजाजींना जावं लागलं आणि कामराजांनी ती योजना मोडीत काढली. आता सत्तर वर्षं पुढं या. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. अठरा धंदे, त्यात सुतारकाम पहिल्या रांगेत. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, कमी व्याजाचं कर्ज. पैशाला माझा विरोध नाही, गरीब कारागिराला मिळालाच पाहिजे. पण योजनेचा शब्द वाचा: घराण्यात चालत आलेले परंपरागत धंदे. म्हणजे माझ्यासारख्यानं हौसेनं रंधा उचलला तर त्याला घराणं कुठून आणायचं? तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राला लिहून कळवलं की ही घराण्याची अट काढा, आहे त्या रूपात आम्ही ही योजना राबवणार नाही. चांगलं केलं. आपल्याकडं या अटीवर किती सभा झाल्या, ते ज्यानं त्यानं आपल्या तालुक्यात मोजावं.

घराण्याच्या विद्येबद्दल आणखी एक गोष्ट. बाकड्याला काटकोन नीट पाहिजे. लोखंडाचा गुण्या मी बाजारातून आणला, पण तो खरा की खोटा हे कसं ठरवायचं? गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडं गेलो. त्याच्या दारात रेडिमेड दरवाज्यांमुळं काम उरलेलं नाही, पोरगा पुण्याला सिक्युरिटीत, हत्यारं भिंतीला टांगलेली. त्यानं पहिला सवाल तोच केला जो आपल्याला सगळीकडं विचारतात. "कुणाचा रं तू?" सांगितलं. थोडा थांबला. मग म्हणाला, "तुमच्यात कधी हे काम नव्हतं." मी म्हणालो, "नव्हतं. म्हणूनच आलो." म्हातारा हसला, आणि त्यानं शिकवलंही, ते मी नाकारणार नाही. सरळ कडेच्या फळीवर गुण्या लाव, पेन्सिलीनं रेघ मार. आता गुण्या उलटा कर, त्याच टोकापासून दुसरी रेघ मार. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर खोटा, आणि जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. म्हणजे उलटं केलं की चूक दुप्पट होऊन डोळ्यापुढं येते. "गुण्यावर कधी इस्वास ठिवू नये," म्हातारा म्हणाला, "पारखून घ्यावा."

घरी येताना डोक्यात हेच घोळत होतं. या माणसानं साठ वर्षांत लोखंडाचा एकही गुण्या न पारखता वापरला नसेल. पण 'कुणाचा तू' हाही एक गुण्याच आहे. त्यानं माणसं मापायची. तो त्याला बापानं दिला, बापाला आज्यानं दिला, आणि तो त्यानं एकदाही उलटा करून बघितला नाही. उलटा केला असता तर त्यालाही दिसलं असतं की ज्या मापानं मी खाली ठरतो, त्याच मापानं तोही कुणाच्या तरी दारात खाली उभा आहे. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे ती हीच. प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी ठेवलेलं, म्हणून वर बघून सवाल कुणी करत नाही. आज त्याचा पोरगाही वॉचमनच्या स्टुलावर बसलाय आणि विद्या भिंतीला टांगून गंजतेय. घराण्यात कोंडलेल्या विद्येचं असं होतं. दार आतून लावलं की आतलाही अडकतो.

पारखून घ्यायची ही रीत आपल्याला परकी नाही. कालामांना बुद्धानं हेच सांगितलं: परंपरेनं चालत आलं, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावर मानू नका. स्वतः तपासा, हिताचं आहे का बघा, मग घ्या. आपल्यातही हे करायला पाहिजे. आपले पुढारी, आपली मंडळं, आपल्या घोषणा, आपण घरात बायको-बहिणीशी वागतो ती रीत, हे सगळं उलटं करून रेघ मारून बघायला पाहिजे. रेघा फाकल्या की राग येतो, पण चूक गुण्याची असते, रेघेची नसते.

फळी सपाट करायला घेतली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. लाकडाला पीळ असतो. वरून बघितलं तर फळी सरळ दिसते. मग दोन सारख्या रुंदीच्या सरळ पट्ट्या घ्यायच्या, एक फळीच्या या टोकाला आडवी, दुसरी त्या टोकाला. खाली वाकून एक डोळा मिटून दोन्हींच्या वरच्या कडा जुळवून बघायच्या. पीळ असेल तर एक कड तिरपी दिसते. सहा फुटांत दोन दोऱ्यांचा फरकही लपत नाही. मग ज्या दोन कोपऱ्यांना उंचवटा आहे तिथलंच लाकूड रंध्यानं काढायचं. सगळीकडं सारखा रंधा फिरवला तर फळी पातळ होते, पीळ तसाच राहतो.

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. समाजाचंही तेच आहे. 'आता कुठं राहिली जात?' असं विचारणारे लोक वरून फळी बघतात. वरून सरळच दिसते. दोन टोकांना दोन पट्ट्या ठेवून बघा. एक पट्टी संविधानाची, दुसरी गावातल्या स्मशानाच्या वाटेची. एक पट्टी सरकारी जाहिरातीची, दुसरी भाड्याची खोली मागायला गेल्यावर विचारलेल्या आडनावाची. मग कळतं किती दोरे पीळ आहे. आणि सुधारणेचा रंधा सगळ्यांवर सारखा फिरवून हा पीळ जात नाही. जिथं उंचवटा आहे तिथंच काढावं लागतं. राखीव जागांवर ज्यांना राग येतो, त्यांनी एकदा वाकडी फळी सरळ करून बघावी.

आता पायांची गोष्ट. पाय सागाचे केले. आमच्या भागातला एक जुना वाडा पाडला, त्याच्या तुळया विकायला निघाल्या, त्यातला एक तुकडा मी आणला. एक दोस्त चिडला. "त्या वाड्याचं लाकूड घरात? ज्याच्या ओसरीवर आपल्या आज्याला बसू दिलं नाही?" त्याचा राग मला समजतो. पण मी म्हणालो, हा साग जंगलातून चालत आला नव्हता. खांद्यावरून आला. निजामाच्या राज्यात गावोगाव बेगार चालायची, बिनपैशाची. तो खांदा कुणाचा असेल ते काय सांगायला पाहिजे? लाकडाला जात नाही. त्याच्यात मुरलेल्या घामाला मालक नव्हता, एवढंच. आज मी रोख पैसे मोजून ते आणलं. खरं म्हणजे एकाच लाकडाची किंमत आपण दोनदा दिली.

इथं चोखोबा आठवतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव, म्हणून ती गोष्ट आमच्याकडं सांगतात. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. ज्या भिंतीच्या आत राहायची परवानगी नाही ती भिंत बांधायची, आणि तिच्याचखाली मरायचं. नुसत्या श्रमातून प्रतिष्ठा आली असती तर त्या भिंतीत मावली नसती. सुतारकामात जोडाला कुसू म्हणतात. पायाच्या टोकाला कुसू काढायचं, फळीला खोबण पाडायची, कुसू खोबणीत बसवायचं. मग आरपार भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची. कुसवातलं भोक खांद्याकडं दोनेक मिलिमीटर सरकवून पाडलं, की खुंटी आत जाताना जोड ओढून घट्ट करते. सरसाचीही गरज नाही. सुतारकामातलं कुसू दोघांना जोडतं. गावाचं कुसू दोघांना तोडतं. शब्द एक, काम उलटं.

आता उंची. या लेखाचं खरं कारण तेच आहे.

आपला देशी सुतार जमिनीवर बसून काम करतो. लाकूड पायाच्या अंगठ्यानं, टाचेनं दाबून धरतो. ते काम कमी दर्जाचं नाही. जपानचे सुतारही बसून काम करतात आणि जगात त्यांना तोड नाही. पण मला उभं राहून काम करायचं होतं. आपल्याला बसवण्यात आलं होतं, ते वेगळं बसणं आहे. साताऱ्याच्या शाळेत भिवा आंबेडकर बाकावर बसत नव्हता. वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसायचा, आणि ते गोणपाट रोज घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. ज्यांना एके काळी बाकाला शिवू दिलं नाही, त्यांच्यातला एक जण आज स्वतः बाकडं बनवतोय. एवढी गोष्ट मला पुरेशी वाटते.

बाकड्याची उंची किती ठेवायची? हात सैल सोडून ताठ उभं राहायचं. तळहात आडवा केला की तो जिथं टेकेल, ती उंची. माझी बत्तीस इंच भरली. माझ्याहून उंच माणसाची चौतीस भरेल. रंध्याचं काम जास्त असेल तर थोडी कमी, म्हणजे अंगाचं वजन वरून पडतं. बारीक कोरायचं असेल तर थोडी जास्त. याचं पक्कं माप कुठल्या पुस्तकात मिळत नाही, काम करणाऱ्याच्या शरीरातच असतं.

मिलमध्ये माझी उंची कुणी विचारली नाही. मशीनची उंची मशीन बनवणाऱ्यानं ठरवली. वेळ मालकानं ठरवली, वेग मोटरनं ठरवला. सरकीत बसून काडीकचरा निवडणाऱ्या बायांना पाठ किती वाकवायची हे ढिगाऱ्यानं ठरवलं. सगळ्या आयुष्यात हे पहिलं काम आहे, जिथं कामाचं माप माझ्या मनगटावरून काढलं. माझ्या सवालाचं उरलेलं अर्धं उत्तर मला इथं सापडलं. श्रमाला प्रतिष्ठा येते ती तीन गोष्टींनी. ते काम घ्यायचं की टाकायचं हे माझ्या हातात असलं पाहिजे. कामाचं माप माझ्या अंगावरून निघालं पाहिजे. आणि त्यातून जे बनेल त्याच्यावर माझा हक्क पाहिजे. या तिन्हीतलं एकही नसेल तर ती बेगार. मग तिला सेवा म्हणा, कर्तव्य म्हणा, पूजा म्हणा. गटारात उतरणाऱ्याला 'तुझ्या कामात अध्यात्म आहे' असं सांगणारा माणूस स्वतः कधी गटारात उतरत नाही, हे लक्षात ठेवा.

दोस्त म्हणाला होता, पुढं चरखा आणशील. नाही आणणार. माझे फाळके आरा मिलवर विजेच्या करवतीनं कापले. भोकं पाडायला ड्रिल मशीन भाड्यानं आणलं. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात यंत्राची बाजू घेतली, ती याच कारणानं की यंत्रामुळं माणसाला ढोरमेहनतीतून सुटका आणि मोकळा वेळ मिळू शकतो. मोकळ्या वेळाशिवाय माणूस विचार करू शकत नाही. ते मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करायला त्यांनी हात घातला, आणि १९४६ च्या कायद्यानं कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. ते सहा तास कुठं गेले, हा प्रत्येक कामगारानं स्वतःला विचारायचा सवाल आहे. माझे मी या सप्परात आणले. आणि तरीही आमच्यासारख्या हंगामी गड्याच्या बारा तासांच्या पाळीत ते सहा तास अजून सापडत नाहीत, हेही तितकंच खरं. म्हणून बाकडं आणि युनियन, दोन्ही पाहिजेत. एकाच्या बदल्यात दुसरं मागायचं नाही.

आणि लेखणीचं काय? हात मळला की डोकं मंद होतं, हे आपल्याला शिकवलं गेलं. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात आंद्रे रुबो नावाचा एक कामगार-सुतार होता. दिवसा सुतारकाम, उरल्या वेळात भूमिती आणि चित्रकला. एका नामांकित वास्तुशिल्प्यानं त्याला फुकट शिकवलं. त्यानं सुतारकामावर मोठा ग्रंथ लिहिला, चित्रं स्वतः काढली, आणि तो १७६९ पासून पुढं पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं छापला. जाड फळीचं, पाय फळीच्या कडेला सरळ भिडवलेलं जे बाकडं मी बनवतोय, त्याची आखणी त्याच्याच चित्रावरून घेतलेली. अडीचशे वर्षांपूर्वी एका कामगारानं लिहून ठेवलं, म्हणून हिंगोलीतल्या दुसऱ्या कामगाराला ते मिळालं. मधे ना घराणं आलं, ना गोत्र. आपल्याकडं ज्यांना हातानं येत होतं त्यांना लिहू दिलं नाही, आणि ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी हातानं काही केलं नाही. म्हणून इथली विद्या मधोमध फाटली. मी कविताही करतो आणि रंधाही मारतो. दोन्हीत मला एकच शिकायला मिळतं: जास्तीचं काढून टाकायचं आणि सरळ आहे का ते वाकून बघायचं.

बाकडं अजून पुरं झालेलं नाही. समोरचा शिकंजा बसवायचा राहिलाय. बाजारातला लोखंडी व्हाईस महाग पडतो. तोवर फळीला भोकं पाडून त्यात लाकडाच्या खुंट्या आणि पाचरी घालून काम भागवतोय. भागतंय चांगलं.

आता तुमच्यासाठी एक काम सांगतो. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. विहाराच्या बाजूला आठ बाय दहाची जागा बहुतेक ठिकाणी निघते. तिथं एक बाकडं ठेवा. पंधरा-वीस हजारांच्या आत लाकूड-हत्यारं धरून उभं करता येईल, वर्गणीतून एका जयंतीच्या डीजेचा खर्च वाचला तरी निघेल. संध्याकाळी पोरांना शिकवा. पोरींना तर आधी शिकवा, कारण त्यांच्या हातात हत्यार कुठल्याच जातीनं दिलेलं नाही. वस्तीतली पहिली पुस्तकाची मांडणी त्याच बाकड्यावर बनवा. गावातल्या म्हाताऱ्या सुतारालाही बोलवा. आला तर चहा द्या, मान द्या, शिकून घ्या. 'कुणाचा तू' असं मात्र कुणी कुणाला विचारायचं नाही, आपणही नाही.

आणि बाकडं बनवाल तेव्हा उंची माझी घेऊ नका. ताठ उभे राहा आणि आपल्या मनगटावरून मोजा.